सरकता साचा

इमारतींच्या इतिहासात दगडाला स्थान आहे, विटेला आहे, चुन्यालाही आहे. फळीला मात्र नाही. एखाद्या दुर्गाचे वा मंदिराचे वर्णन करताना आपले ग्रंथकार दगड कोणत्या खाणीतून आणला, चुना किती दिवस मळला, पाथरवट कोठले होते, हे सारे मोठ्या आस्थेने सांगतात. परंतु ज्या फळ्यांच्या आडोशाने भिंत उभी राहिली, आणि ती उभी राहताच ज्या उचलून दुसरीकडे नेण्यात आल्या, त्यांची नोंद कोणी ठेवीत नाही. यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. साच्याचे कार्यच असे की, ते पुरे झाले म्हणजे साच्याने तेथे नसावे. चंडीगडच्या उघड्या काँक्रीटवर फळ्यांच्या रेषा व शिरा उमटून राहिल्या आहेत, तसा प्रकार विरळा. एरवी फळी आपली ओळख मागे ठेवीत नाही.

आमचेही लक्ष या फळीकडे कधी गेले नसते. परंतु गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरामागे काँक्रीटची आवारभिंत घालण्याचे काम निघाले, आणि त्या निमित्ताने एक प्रसंग घडला. घरातील लग्नकार्य आठ दिवसांवर आले होते. मांडव त्याच आवारात घालावयाचा होता. काम करणारे मिस्त्री साठी उलटलेले, बोलणे मोजके. समोरासमोर फळ्या उभ्या करावयाच्या, मध्ये सळया, त्यांत काँक्रीट. ते धरले म्हणजे फळ्या काढून पुढच्या भागाला लावावयाच्या, असा क्रम चालला होता. एके सकाळी आम्ही म्हटले, “मिस्त्री, कालच्या फळ्या आता काढून टाका, म्हणजे पुढचे काम आजच होईल.” त्यांनी फळीच्या वरच्या कडेवरून हात फिरविला, बोटाच्या पेराने काँक्रीटवर दोनदा ठोकले, आणि म्हणाले, “अजून धरलं नाही, साहेब. रात्री गारठा होता. उद्या बघू.” आम्ही मालक, पैसे देणारे आम्ही, घाई आमची, तरी फळी जागची हलली नाही. त्या वेळी आम्हांस त्यांचा रागच आला, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

लग्न पार पडल्यावर आम्ही या फळीचा मागोवा घेऊ लागलो, तेव्हा दिसून आले की, जो प्रश्न आमच्या परसात उभा राहिला तोच या विद्येच्या इतिहासात पुनःपुन्हा उभा राहिलेला आहे. साचा केव्हा सरकवावयाचा, आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हाच तो प्रश्न होय.

फिरत्या साच्याची कल्पना सिमेंटहून फार जुनी आहे. दोन फळ्यांमध्ये ओलसर माती भरावी, ती धुम्मसाने चोपावी, फळ्या काढाव्या, बाजूला सरकवून पुन्हा भराव्या, एक थर पुरा झाला की वर चढवाव्या: एवढीच ती क्रिया. चीनमधील मोठ्या भिंतीचे प्राचीन भाग, विशेषतः पश्चिमेकडील रुक्ष प्रदेशातील, याच रीतीने मातीचे चोपलेले आहेत. चिनी तत्त्वज्ञ मेन्सियस याने थोर पुरुष कोणकोणत्या हलक्या धंद्यांतून वर आले याची उदाहरणे देताना फू युए नावाच्या मंत्र्याचा उल्लेख केला आहे. राजाने त्यास प्रधानपदासाठी बोलाविले ते भिंती चोपण्याच्या फळ्यांमधून. त्या काळीही हे काम मजुराचे समजले जाई, आणि तरीही ज्याच्या अंगी मंत्रिपदाची योग्यता असेल असा पुरुष त्या मजुरांत असू शकतो असे मानले जाई, या दोन्ही गोष्टी येथे ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

पश्चिमेकडे थोरला प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक महाग्रंथात आफ्रिका व स्पेन या देशांतील अशाच भिंतींचे वर्णन केले आहे. त्या बांधल्या जात नाहीत, तर दोन फळ्यांमध्ये भरल्या जातात. ऊन, वारा, पाऊस व अग्नी यांना त्या दाद देत नाहीत. आणि हानिबलने स्पेनमध्ये उभारलेले मातीचे टेहळणी बुरूज आपल्या काळीही दिसतात, असे तो सांगतो. हानिबल व प्लिनी यांच्यामध्ये जवळजवळ तीनशे वर्षांचे अंतर आहे. पुढे मूर लोकांनी ग्रॅनाडाच्या अलहाम्ब्रा राजवाड्याच्या तटबंदीत हीच रीत चुना मिसळलेल्या मातीने वापरली. फळ्या धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्यांची भोके अशा भिंतींवर ओळीने दिसतात. फळीची म्हणून काही नोंद असलीच तर ती या भोकांत आहे. आपल्याकडे लडाख व स्पिती यांच्या खोऱ्यांतही चोपलेल्या मातीच्या भिंतींची परंपरा आहे.

या प्राचीन पद्धतीचा एक गुण असा की, तिच्यात थांबावे लागत नाही. मातीला बळ येते ते ठोक्यांनी. शेवटचा ठोका बसला की भिंत स्वतःच्या पायावर उभी राहते, आणि त्याच घटकेला फळी काढून पुढे नेता येते. भिंत पुढे महिनोन् महिने वाळत राहते हे खरे. परंतु उभे राहण्यापुरते सामर्थ्य तिला चोपणाऱ्याच्या दंडातून तत्काळ मिळालेले असते. फळी आणि घाई यांची मैत्री अशी मातीच्या काळापासूनची आहे.

ही ग्रामीण विद्या ग्रंथांत आणण्याचे श्रेय फ्रांस्वा क्वांत्रो या फ्रेंच गृहस्थास दिले पाहिजे. त्याचा जन्म १७४० मध्ये लियाँ शहरी झाला. त्या प्रांतातील शेतकरी पिढ्यान् पिढ्या फळ्यांमध्ये माती चोपून घरे बांधीत. त्या पद्धतीस तिकडे ‘पिझे’ म्हणत. क्वांत्रोने ती शोधून काढली नाही, परंतु तिचा प्रचार करण्याचा जणू विडाच उचलला. उत्तरेकडील खेड्यांत लाकडी, गवताने शाकारलेली घरे एका ठिणगीने गावेच्या गावे जळून जात. मातीची भिंत जळत नाही. ती बांधण्यास पैसा लागत नाही. पायाखालची माती, दोन फळ्या व धुम्मस एवढे असले की शेतकरी आपले घर आपण उभारू शकतो. १७९० पासून त्याने ग्रामीण वास्तुविद्येवरील आपल्या पुस्तिका प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमीत, सारे पॅरिस मनुष्याच्या हक्कांवर वाद घालीत असताना, हा मनुष्य शेतकऱ्याने फळी कशी धरावी याच्या आकृत्या काढीत बसला होता. परंतु हेही एक हक्काचेच प्रकरण होते. त्याच्या लेखनाचे जर्मनीत व इंग्लंडात लवकरच अनुवाद झाले, आणि तेथून ही विद्या अमेरिकेपर्यंत गेली.

यानंतर सिमेंट आले. १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिन नावाच्या लीड्स येथील एका गवंड्याने ‘पोर्टलंड सिमेंट’चे पेटंट घेतले. इंग्लंडातील पोर्टलंडच्या सुप्रसिद्ध दगडासारखे ते दिसे, म्हणून त्याने ते नाव दिले. आजचे सिमेंट होण्यास त्यात पुढे पुष्कळ सुधारणा व्हाव्या लागल्या. परंतु ज्याने फळ्यांत माती चोपली जाताना पाहिली आहे त्याच्या मनात, मातीच्या जागी हे नवे द्रव्य का भरू नये, असा विचार येणे अपरिहार्य होते. तो विचार आला तो पुन्हा लियाँच्याच एका पुत्राच्या मनात, हा योगायोग नव्हे. फ्रांस्वा क्वान्ये हा १८१४ मध्ये लियाँस जन्मलेला कारखानदार. त्याने १८५३ मध्ये पॅरिसजवळ सें-दनी येथे आपल्यासाठी काँक्रीटचे घर बांधले. त्याचे मिश्रण पातळ नसून मातीसारखे ओलसर असे, आणि ते फळ्यांमध्ये थराथराने चोपले जाई. म्हणजे द्रव्य नवे, पण हात जुनाच.

येथे मात्र एक बदल झाला, आणि तो अनेकांच्या ध्यानात आला नाही. काँक्रीट वाळून घट्ट होते असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक ते वाळत नाही. सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक संयोगाने ते आतून जडत जाते. म्हणूनच आपले गवंडी ताज्या कामावर दिवसचे दिवस पाणी मारीत असतात. या संयोगास काळ लागतो, आणि तो काळ हवेवर अवलंबून असतो. उन्हात संयोग झपाट्याने होतो. थंडीत तो मंदावतो, आणि कडाक्याच्या थंडीत जवळजवळ थांबतोच. काँक्रीटचे बळ मोजण्याची रूढ मुदत २८ दिवसांची आहे. म्हणजे मातीने जे बळ ठोक्यांतून घेतले ते सिमेंट काळातून घेते. फळी तीच राहिली. परंतु तिला आता वाट पाहावयास शिकावे लागणार होते. मनुष्यास ते शिकविणे फळीस शिकविण्याहून अवघड होते.

यापुढे या विद्येच्या दोन शाखा झाल्या असे आम्ही समजतो. एक शाखा साचा मोठा करण्याच्या मार्गाने गेली, दुसरी तो लहान ठेवण्याच्या.

मोठ्या साच्याची सर्वांत धाडसी कल्पना थॉमस एडिसनची. लोहखनिजाच्या उद्योगात हात पोळून घेतल्यावर त्याने तेथील दगड फोडण्याची अवजड यंत्रे सिमेंटच्या कारखान्याकडे वळविली होती. १९०६ च्या सुमारास त्याने जाहीर केले की, संपूर्ण घराचा लोखंडी साचा जोडून वरून काँक्रीट ओतावे, म्हणजे भिंती, जिने, छप्पर सर्व एकदम तयार होईल, आणि गरीब कामकऱ्यास स्वस्तात पक्के घर मिळेल. हेतू उदार होता. या पद्धतीचे पेटंट त्यास १९१७ मध्ये मिळाले, आणि त्याच सुमारास न्यू जर्सीतील युनियन या गावी अशी अकरा घरे उभारण्यात आली. पुढे मात्र ही योजना वाढली नाही. कारण उघड आहे. शेकडो लोखंडी तुकड्यांचा तो साचा इतका महाग की, एक घर बांधू इच्छिणाऱ्यास तो घेणेच अशक्य. शेकडो घरे बांधणारा ठेकेदारच तो बाळगू शकणार. क्वांत्रोच्या शेतकऱ्याची फळी त्याच्या गोठ्यात पडून राहू शके. एडिसनचा साचा ज्याच्या गोदामात मावेल त्याच्याच मर्जीने घरे होणार. साचा जितका मोठा, तितका तो राहणाऱ्याच्या हातून सुटून भांडवलवाल्याच्या हाती जातो, हा नियम येथे प्रथम स्पष्ट दिसला.

एडिसन घरांचा विचार करू लागण्यापूर्वीच अमेरिकेच्या मध्यभागी धान्यासाठी एक वेगळाच प्रयोग होऊन गेला होता. मिनियापोलिस हे गव्हाच्या व्यापाराचे मोठे केंद्र. तेथील कोठारे लाकडी असत आणि वारंवार जळत. फ्रँक पीव्ही या व्यापाऱ्याने व चार्ल्स हॅग्लिन या बांधकाम करणाऱ्याने १८९९ मध्ये शहराबाहेर काँक्रीटचे एक गोल कोठार उभारण्यास घेतले. वर्तुळाकार साच्यात काँक्रीट भरावयाचे, ते जडले की साचा वर उचलून त्याच भिंतीच्या माथ्यावर बसवावयाचा, अशा रीतीने ते वाढत वाढत पुढील वर्षी सुमारे सव्वाशे फुटांवर गेले. लोकांनी त्यास ‘पीव्हीचा मूर्खपणा’ असे नाव दिले होते. धान्य भरून पुन्हा उपसताना ते फुटणार, या खात्रीने बघे दूर उभे राहिले, असे सांगतात. ते फुटले नाही. आजही उभे आहे. त्याच्या मागोमाग अमेरिकेत व कॅनडात अशा कोठारांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि त्यांची छायाचित्रे पाहून युरोपातील तरुण वास्तुविशारद थक्क झाले. ल कॉर्ब्युझिये याने १९२३ च्या आपल्या ग्रंथात ती आदराने छापली. चंडीगडच्या शिल्पकाराची दृष्टी अशी काही अंशी गव्हाच्या कोठारांनी घडविली आहे.

या कोठारांच्या कामातूनच साच्याने पुढील पायरी गाठली. साचा उचलून पुन्हा बसविण्याऐवजी तो अखंड सरकतच का ठेवू नये? हाच खरा सरकता साचा. सुमारे चार फूट उंचीचा हा साचा भिंतीस वेढून असतो. भिंतीत उभ्या ठेवलेल्या लोखंडी गजांना धरून जॅकांच्या साहाय्याने तो तासाला काही इंच या गतीने वर चढतो. वरून ताजे काँक्रीट पडत असते. तेच काँक्रीट काही तासांनी साच्याच्या खालच्या कडेतून बाहेर येते, तेव्हा ते पुरते कठीण झालेले नसते, पण स्वतःचा भार पेलण्याइतके सावरलेले असते. साचा फार हळू चालविला तर तो भिंतीस चिकटून तिला ओरबाडतो. फार जलद चालविला तर खालून कच्चे काँक्रीट ढासळते. या दोहोंमधील अरुंद वाटेने तो दिवसरात्र चालवावा लागतो. कामकरी पाळीपाळीने येतात व जातात. टोरांटो येथील ५५३ मीटर उंचीचा सीएन मनोरा १९७३ ते १९७६ या काळात बांधला गेला, त्याचा काँक्रीटचा स्तंभ असाच चढविला. दिवसाला सुमारे सहा मीटर या वेगाने तो वाढला, आणि इतक्या उंचीवरही ओळंब्यापासून त्याचे अंतर काही सेंटीमीटरांच्या पलीकडे गेले नाही. मनुष्याच्या बुद्धीचे व शिस्तीचे हे यश निःसंशय थोर आहे.

आता दुसऱ्या शाखेकडे वळू. ती सुरू झाली एका अनपेक्षित मनुष्यापासून. अर्नेस्ट फ्लॅग हा न्यूयॉर्कचा नामांकित वास्तुविशारद. त्याने बांधलेली सिंगर कंपनीची ६१२ फूट उंचीची इमारत १९०८ मध्ये पुरी झाली तेव्हा जगातील कचेऱ्यांच्या इमारतींत सर्वांत उंच होती. असा हा गगनचुंबी इमारतीचा कर्ता उत्तरायुष्यात ठेंगण्या घरांच्या नादी लागला. १९२२ मध्ये लहान घरांच्या काटकसरीच्या बांधणीवर त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात सांगितलेली युक्ती साधी आहे. दगडी भिंत सुबक होण्यास कसबी गवंडी लागतो, आणि त्याचीच मजुरी सर्वांत भारी. तेव्हा साच्याच्या दर्शनी फळीला आतून दगडाचे सपाट तोंड टेकवून ठेवावे आणि मागे काँक्रीट भरावे. फळी काढली की दगडी दर्शनाची सरळ भिंत तयार. ओळंबा फळीला लावला की भिंतीला लागलाच. जे कसब गवंड्याच्या हातात वीस वर्षांनी येते ते फळी नवख्यास एका दिवसापुरते उसने देते. पुढे सिंगर इमारत पाडून टाकण्यात आली. फ्लॅगची स्टेटन बेटावरील ठेंगणी घरे मात्र अद्याप नांदती आहेत.

फ्लॅगच्या युक्तीला ज्यांनी खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ते दांपत्य म्हणजे स्कॉट व हेलन निअरिंग. स्कॉट हा आमच्याच व्यवसायातला, अर्थशास्त्राचा प्राध्यापक. कारखान्यांत मुलांना राबविण्याच्या प्रथेविरुद्ध तो उघड बोले. १९१५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यास दूर केले. पहिल्या महायुद्धाविरुद्ध लिहिल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. १९१९ मध्ये तो निर्दोष सुटला. परंतु महाविद्यालयांचे व प्रकाशकांचे दरवाजे त्यास बंद झाले ते झालेच. हेलन ही व्हायोलिन वाजविणारी, थिऑसफीच्या वातावरणात वाढलेली. आपल्या वाचकांस परिचित असलेले जे. कृष्णमूर्ती यांच्याशी तरुणपणी तिचा निकटचा स्नेह होता. १९३२ मध्ये, मंदीच्या ऐन काळात, ही दोघे व्हरमाँटच्या डोंगरात एका पडीक शेतावर राहावयास गेली. दिवसातील चार तास पोटासाठी श्रम आणि चार तास वाचन, लेखन, संगीत यांसाठी, असा त्यांचा नेम असे. कर्ज काढावयाचे नाही, हा दुसरा नेम.

त्या शेतात दगडांना तोटा नव्हता. शेत साफ करताना, फिरावयास जाताना, रस्त्याच्या कडेला, जेथे चांगला दगड दिसेल तेथून तो आणावयाचा आणि कोपऱ्याचा, जमिनीचा, भिंतीचा असे वेगवेगळे ढीग लावून ठेवावयाचे. बांधकाम निघेपर्यंत दगड थांबून असत. त्यांचे साचे दीड फूट उंचीचे, दोन माणसांना उचलता येतील एवढे. एक साचा भरला की त्यावर दुसरा ठेवावयाचा. दुसरा भरून स्थिरावला की खालचा काढून तिसऱ्या थरास वर चढवावयाचा. घरे, कोठी, लाकडाची खोली, अशा कितीतरी इमारती त्यांनी स्वतःच्या हातांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या थोड्याफार मदतीने उभारल्या. १९५२ मध्ये ती दोघे मेन राज्यात समुद्रकाठी गेली, आणि १९५४ मध्ये आपल्या जीवनावर त्यांनी लिहिलेले पुस्तक पुढे १९७० नंतर हजारो तरुणांच्या हाती गेले. त्यांचे शेवटचे दगडी घर त्याच दशकात झाले. तेव्हा हेलन सत्तरीत व स्कॉट नव्वदीत होता. १९८३ मध्ये, शंभरावा वाढदिवस पार करून तीन आठवडे होण्याच्या आतच, त्याने देह ठेवला.

या दांपत्याचे देव्हारे माजविण्याची आमची इच्छा नाही. सिमेंट त्यांनाही बाजारातूनच आणावे लागे. क्वांत्रोच्या शेतकऱ्याला पायाखालच्या मातीने जे स्वातंत्र्य दिले होते ते सिमेंटच्या गोणीने पुरतेपणी परत दिले नाही. गवंड्याच्या कसबाला फळीचा पर्याय शोधताना त्या कसबाने जगणाऱ्याचे काय, याही प्रश्नाचे उत्तर फ्लॅगच्या हिशेबात मिळत नाही. परंतु एक गोष्ट त्यांच्या अंगणात होती, जी मोठ्या साच्याच्या मनोऱ्यांवर नसते. सकाळी उठून त्यांस वाटले की थर अजून कच्चा आहे, तर ते त्या दिवशी बागेत काम करीत. फळीचा मालक, भिंतीचा मालक, आणि भिंतीवर उभे राहून काम करणारा, ही तिन्ही माणसे एकच होती.

ही तिन्ही वेगळी झाली म्हणजे काय होते, ते २७ एप्रिल १९७८ या दिवशी दिसले. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात विलो आयलंड येथे वीजकेंद्राचा शीतक मनोरा बांधला जात होता. साचा चढता होता: दररोज पाच फुटांचा एक थर भरावयाचा, दुसऱ्या दिवशी साचा व त्याला जोडलेली कामकऱ्यांची परात वर घ्यावयाची. मचाण जमिनीवरून उभारलेले नसून मनोऱ्यालाच धरून होते. म्हणजे आज उभ्या राहणाऱ्या माणसांचा भार कालच्या काँक्रीटवर. मनोरा १६६ फुटांवर गेला होता. आदली रात्र थंडीची होती. सकाळी नवीन थराचे काम सुरू झाले, काँक्रीटच्या पहिल्या खेपा वर जाऊ लागल्या, आणि दहाच्या सुमारास आदल्या दिवसाचा थर सुटला. एका ठिकाणी सुटलेले मचाण दोन्ही बाजूंनी मनोऱ्याच्या कडेने उलगडत खाली आले. त्यावर ५१ माणसे होती; एकही वाचला नाही. त्यांत एकाच कुटुंबातील अनेक पुरुष होते. सरकारी चौकशीत निष्पन्न झाले ते इतकेच की, पूर्वदिनाच्या थरास पुरेसे बळ येण्यापूर्वी त्याच्यावर भार घालण्यात आला.

यात अज्ञान कोठेही नव्हते. थंडीत काँक्रीट सावकाश जडते हे त्या काळी प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापलेले होते. बळ मोजण्याच्या रीती उपलब्ध होत्या. उणीव होती ती एवढीच की, रोज एक थर हा क्रम ठरून गेला होता, आणि हवा बदलली म्हणून क्रम बदलला नाही. चढत्या वा सरकत्या साच्याचा हा स्वभावदोषच म्हणावा लागेल: त्याच्या गतीला एकदा दिनदर्शिकेचे रूप आले की ‘आज थांबा’ असे म्हणणाऱ्यास सबंध यंत्रणेच्या विरुद्ध उभे राहावे लागते. टोरांटोचा मनोरा सरळ चढला तो यंत्रांमुळे जितका, तितकाच काँक्रीट व हवा यांच्याकडे सतत लक्ष ठेवणाऱ्या व गरजेप्रमाणे गती आवरणाऱ्या माणसांमुळे. जेथे हे लक्ष सुटले, अथवा लक्ष ठेवणाऱ्याच्या हाती थांबविण्याचा अधिकार राहिला नाही, तेथे तोच साचा घातक ठरतो. आज आपल्या शहरांतही उंचच उंच इमारती चढत्या साच्यांनी वाढत आहेत. रस्त्यावरून जाताना आपण त्यांचे मजले मोजतो. फळी केव्हा काढावयाची हे वर कोण सांगतो, आणि त्याचे ऐकले जाते की नाही, हे विचारण्याचे आपल्या मनात येत नाही.

असो. आमच्या परसातील कामाची हकीकत अर्धी राहिली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आल्यावर मिस्त्रींनी पुन्हा पेराने ठोकून पाहिले आणि फळ्या सोडविल्या. तुम्हांस कसे कळते, असे आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, “आवाज बदलतो, साहेब.” आम्हीही ठोकून पाहिले. आम्हांस काही फरक कळला नाही.

मांडव एक दिवस उशिरा पडला. लग्न व्हावयाचे तसे झाले. भिंतीला गिलावा करण्यास मात्र वेळ उरला नाही, आणि ज्या जागी एक दिवस काम थांबले होते तेथे जुन्या व नव्या काँक्रीटमधील सांध्याची एक रेघ उघडी राहिली. ती वाईट दिसते, आता तरी गिलावा करून घ्यावा, असे घरातील मंडळींचे म्हणणे आहे. आम्ही तो अद्याप करू दिलेला नाही.